चंपतच्या हाताची खोड

चंपत माळ्यानं मला एकोणीस चालींत मात दिली, हे आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर शिरपुरातलं कोणीही सांगेल, आणि सांगताना चौदा चाली म्हणेल. दुसऱ्याच्या हारण्यातलं या गावाला फार समजतं.

मी नानाजी. शिरपूरच्या शाळेत बावीस वर्षं मास्तर होतो. रागीट म्हणून माझं नाव आहे आणि ते मी कष्टानं कमावलं आहे. लिहिताना मी पुस्तकी लिहितो, पण डोकं तापलं की वऱ्हाडी सुटते, तिला माझा इलाज नाही. आज चंपतविषयी लिहायला बसलोय म्हणजे ती सुटणारच, कारण या माणसानं मला दोनदा येडं बनवलं. एकदा पटावर. दुसऱ्यांदा कुठं, तेच सांगायचं आहे.

चंपतचा मळा गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कांदे. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन बाजारात, दुपारी मळ्यात, संध्याकाळी पुन्हा मोटेवर. काटक अंग, लांब हात, आणि तोंडात शब्द म्हणाल तर दिवसाला मोजून दहा. त्याची बायको पंचफुला मला एकदा म्हणाली, "मास्तर, आमच्या घरी मान्सं दोन, अन् बोलनारी मी एकटी. मी गप बसली तं मांजर घाबरते, का हे घर रिकामं झालं का काय!" पोरबाळ नव्हतं त्यांना.

पण चंपतची खरी ओळख म्हणजे त्याचा उजवा हात. या हाताला निंदण करायची इतकी सवय होती की तो चंपतला विचारतच नसे. जानराव पाटलाच्या पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती. सगळ्यांच्या हातात अक्षता, आणि हा मांडवाच्या कडेला उकिडवा बसून गवत उपटतोय. कोणाच्या मौतीला गेला तरी तेच. डोळे पाण्यानं भरलेले, आणि हात मसणवट्यातला काहीबाही पाला उपटतोय. उपटला की मुळाची माती डाव्या मनगटावर झटकायची आणि रोपटं खांद्यावरून मागं फेकायचं. माझ्या शाळेसमोर तो दहा मिनिटं बोलत उभा राहिला की तेवढं अंगण साफ. मी मुद्दाम त्याला बोलण्यात गुंतवायचो, खोटं कशाला सांगू.

असा हा चंपत दुपारी मात्र बोलायचा. रोज, दोन घंटे, न थकता. बैल मोटेवरून सुटले, त्यांना कडबा टाकला, की विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाशी, आंब्याच्या सावलीत पट मांडला जायचा, आणि समोर येऊन बसायचा जब्बार नालबंद.

जब्बार म्हणजे अगदी उलटं. बैलाला दोरानं पाडून त्याच्या खुरांना नाल ठोकायचा त्याचा धंदा. आडवा-तिडवा गडी, आवाज असा की बाजारात या टोकाला बोलला तर त्या टोकाची बाई भाव बदलायची. दातांत चार खिळे धरूनही तो बोलू शकत असे, आणि ते चार खिळे नसले तर दम घ्यायलाही थांबत नसे. चंपतच्या मोटेच्या बैलांना नाल ठोकायला आला होता म्हणे पहिल्यांदा. थारोळ्याच्या दगडावर खिळ्यानं कोरलेला पट दिसला. "हे काय बे?" म्हणाला आणि बसला. बैल पाय बांधलेले तसेच पडून राहिले दुपारभर. तेव्हापासून तेरा वर्षं झाली होती. जब्बारनं बाभळीच्या लाकडाच्या सोंगट्या सुताराकडून करून आणल्या, त्याच शेवटपर्यंत होत्या.

दोघंही जबर खेळायचे. मी काही कच्चा नाही, पण यांच्यापुढं मी म्हणजे... जाऊ द्या, एकोणीस चाली.

आता आमच्याकडचा एक कायदा सांगतो, तो ध्यानात ठेवा. समोरच्याची सगळी मोहरी, सगळी प्यादी मारली आणि त्याचा राजा पटावर एकटा उरला, तर आपण जिंकलो असं होत नाही. डाव तिथंच थांबतो. त्याला बुर्जी म्हणायचं. बुर्जी म्हणजे बरोबरी. नागड्या राजाच्या मागं फौज घेऊन धावण्यात कसली आलीय मर्दुमकी, असा आमच्या जुन्या लोकांचा हिशेब. त्यामुळं चांगला खेळणारा समोरच्याचं निदान एक प्यादं जपून ठेवतो, स्वतःच्या लेकरासारखं, आणि मग मात देतो. नवशिके हावरटपणानं सगळं खातात आणि हातात आलेला डाव घालवून बसतात.

तर झालं असं. छत्तीस साल असेल. जब्बारकडे जानराव पाटलाचा खिलारी बैल आला नाल ठोकायला. तीन पाय झाले. चौथ्या पायाला हात घालणार तेवढ्यात जब्बारच्या डोक्यात काल अर्धा राहिलेल्या डावाची घोड्याची चाल आली. उठला तो तडक मळ्यात. पाटलाच्या गड्यानं बैल सोडून घरी नेला. दुसऱ्या दिवशी जानराव पाटील लाल होऊन बाजारात. "अबे जब्बार, माहा बैल तीन पायानं टाप-टाप करते अन् चौथ्यानं चोरासारखा चालते! लोकं हासून राह्यले!"

जब्बार म्हणाला, "पाटील, चौथा राहिला हाय, इसरलो नाई. पुढच्या चालीत ठोकतो."

सगळा बाजार हसला. हसली नाही ती एकटी बदरुन्निसा, त्याची बायको. तिचा भाऊ अकोल्यात टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचा. तिथं काम ढिगानं, आणि तो दोन वर्षांपासून मागं लागला होता की भाईजान, इकडंच या. जब्बार दर वेळी काहीतरी कारण सांगून टाळायचा. खरं कारण आंब्याखाली बसलेलं असायचं. त्या दिवशी बदरुन्निसानं भर बाजारात कमरेला पदर खोचला. "तुमाले खेळायचाच शौक हाय ना? हिरालालशेठ पटाची शर्यत ठेवून राह्यला. खेळा. जीतले तं मी जन्मात अकोल्याचं नाव काढनार नाई. हारले तं दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं. कबूल?"

जब्बारला वाटलं, आपल्याला हरवणारा आहे कोण? "कबूल!" म्हणाला. कबूल म्हटल्यावर त्याला चंपत आठवला असावा, कारण त्याचं तोंड पडलेलं मी पाहिलं.

बदरुन्निसा पक्की. तिला पटातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं कळत होती. तिच्या मनात आलं, हे दोघं शेवटी समोरासमोर आले तर चंपतभाऊ मुद्दाम हारतील, दोस्ती निभवायला. म्हणून ती सरळ मळ्यात आली. मी वांगी घ्यायला गेलो होतो, म्हणून सगळं आयकलं.

"चंपतभाऊ," ती म्हणाली, "तुमी दर उन्हाळ्यात माह्या दारात चिवळीच्या भाजीची जुडी ठेवता. म्या कधी काही मांगलं तुमाले? आज मांगते. यायच्यासंगं खेळायची वेळ आली तं हारू नोका. पुरा जोर लावा. मले बोल द्या."

चंपत तिच्याकडं पाहत राहिला. उजवा हात वाफ्यातलं काहीतरी उपटत होता. जब्बार गेला तर त्याच्या दुपारी जाणार होत्या, आणि दुपारीच तर तो माणूस जिवंत असायचा. हे पंचफुलाला माहीत होतं, मला माहीत होतं, बदरुन्निसालाही माहीत असणार. पण तिचंही चुकत नव्हतं. घर तिला चालवायचं होतं.

"भाबी," चंपत म्हणाला, "हारनार नाई. पुरा जोर लावीन. बोल देल्ला."

ती गेल्यावर मी म्हटलं, "अबे, हे काय केलं तू?" त्यानं मला वांगी मोजून दिली आणि दोन जास्त टाकली. 

हिरालाल हा आमच्या गावचा कापसाचा व्यापारी. चैत्रात त्याचं सरकीचं गोदाम रिकामं असायचं, तिथं शर्यत. बक्षीस म्हणून मांडलेला चांदीचा पेला, खाली जाजम, आणि हवेत कापसाचा तंतू असा की खेळणारे सोळाच्या सोळा संध्याकाळपर्यंत म्हातारे दिसायचे. वाशीमहून एक वकिलाचा कारकून आला होता, रिसोडचे दोघं, मानोऱ्याकडचा एक जण तर स्वतःचा पट धोतरात बांधून घेऊन आला. पहिल्याच फेरीत चंपतनं मला उडवलं आणि हिरालाल म्हणाला, "मास्तर, तुम्ही आता मोकळेच आहात, पंच व्हा." मोकळेच! मले असा राग आला. पण झालो पंच. कायदे खडूनं भिंतीवर लिहिले, मोठ्या अक्षरात. मोहऱ्याला हात लावला की ती चाल झालीच. एकटा राजा राहिला की बुर्जी. आणि पंचाच्या निकालावर वाद नाही. हा तिसरा मी माझ्या मनानं घातला.

तिसऱ्या दिवशी, व्हायचं तेच झालं. शेवटचा डाव, चंपत आणि जब्बार, तोही त्यांच्याच बाभळीच्या सोंगट्यांवर. गोदामाच्या दारात उभं राहायला जागा नाही. बायका एका अंगाला, त्यात पुढं बदरुन्निसा, डोक्यावरून पदर, हाताची घडी. सगळ्या गावाला शर्त ठाऊक. पैजा कोणी कोणावर लावत होतं ते मी मुद्दाम आयकलं नाही, पंच होतो.

खेळ जो रंगला म्हणता! जब्बार बैलाशी बोलतो तसा मोहऱ्यांशी बोलायचा. "हो... हो... उभा राय... आता दे पाय..." आणि घोडा टाकायचा. चंपत गप. आणि त्याचा डावा हात जाजमाच्या कडेला. गोदामात जमिनीला ओल होती, भेगांत सांडलेली सरकी उगवली होती, दोन-दोन पानांची. तीन दिवस मी पाहत होतो, चंपत खेळता खेळता ते कोंब उपटायचा, झटकायचा, मागं फेकायचा. डाव्या हातानंही! मनात म्हटलं, धन्य आहे बाबा तुझी.

दीड घंट्यात जब्बारचा डाव ढासळला. चंपतनं बोल दिल्याप्रमाणं जोर लावला होता, दया नाही, माया नाही. पहिल्यांदा उंट गेला, मग वजीर. जब्बारला घाम फुटला. आणि मग त्याच्या डोळ्यांत ती चमक आली. तो बदमाश आपली मोहरी द्यायलाच लागला! घोडा नेला तो सरळ चंपतच्या राजाला शह देत. मारल्याशिवाय चंपतला गत्यंतर नाही. मारला. मग हत्ती, तसाच. "खा! खा बे! पोट भरून खा!" जब्बार ओरडला. लोकांच्या आता ध्यानात आलं, हा सगळं देऊन बुर्जी करायला निघालाय. टाळ्या पडल्या. एक-एक करून प्यादीही गेली.

पण शेवटचं एक प्यादं राहिलं. पटाच्या कडेला, दूर. ते ना कोणाला शह देऊ शकत होतं, ना चंपतला ते मारायची गरज होती. चंपतकडं वजीर आणि हत्ती. हत्तीनं शह, मग वजीर, दोन चालींत मात. मलाही दिसत होती, म्हणजे बघा किती सोपी असेल.

जब्बारच्याही ध्यानात आलं. त्याचं ओरडणं थांबलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग दाराकडं, बदरुन्निसाकडं पाहिलं, आणि मान खाली घातली. तेरा वर्षांत त्याला गप बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.  

चंपतनं पाणी मागितलं. प्यायला. छपराकडं पाहिलं. खालचे कोंब उपटले, एक, दोन, तीन. लोकं कंटाळले. मागून कोणीतरी बोललं, "अरे हान ना बापा!" चंपतनं मान डोलवली, वजिराला हात लावला, आणि वजीर नेऊन सरळ त्या कडेच्या प्याद्यावर ठेवला. प्यादं उचललं. डाव्या मनगटावर झटकलं, मुळाची माती झटकावी तसं. आणि खांद्यावरून मागं फेकून दिलं.

 मग जो गिल्ला झाला! चंपतनं हाताकडं पाहिलं, पटाकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! हात गेला! म्या पाह्यलंच नाई, हात गेला!"

जब्बार आधी तर समजलाच नाही. मग उठून नाचला. अक्षरशः नाचला, खांद्यावर कायम असायच्या त्या बैल पाडायच्या दोरासकट. "तन समजला! प्याद्याले तन समजला बे हा!" लोकं हसून हसून गडबडा लोळले. कोणी म्हणालं, चाल परत घेऊ द्या. मी भिंतीकडं बोट दाखवलं. हात लावला ती चाल. एकटा राजा, बुर्जी. डाव बरोबरीत. तिसरा कायदा वाचायची गरजच पडली नाही.

हिरालालनं पेला पुन्हा कपड्यात गुंडाळला. "दोघांत एक कसा देऊ? पुढच्या साली बघू," म्हणाला. इतका आनंदी हिरालाल मी कधी पाहिला नव्हता.

बदरुन्निसा पुढं आली. "मास्तर, हे हारले का जीतले?"

"दोन्ही नाही. बरोबरी."

"मंग माही शर्त?"

मी पंच, पण याचा कायदा माझ्या भिंतीवर नव्हता. "बाई, हारले असते तर जायचं होतं, जिंकले असते तर राहायचं होतं. बरोबरीचं तुम्ही काही बोललाच नव्हता."

मला वाटलं आता ही चिडणार.  चंपत अजून कपाळ धरून बसला होता. त्याच्याकडं तिनं बराच वेळ पाहिलं. मग वाकून जमिनीवरनं काहीतरी उचललं आणि पदर सावरून निघून गेली. अकोल्याला भावाला कळवलं की निकाल लागला नाही.

झालं. त्या दिवसापासून चंपत म्हणजे गावाची चेष्टा. बाजारात पाटी उतरवली की पोरं विचारायची, "काका, वांगे हायेत का प्यादे?" जब्बारनं तर ताळ सोडला. येईल त्या गिऱ्हाइकाला, बैल बांधलेला, दातांत खिळे, आणि गोष्ट सुरू. "मी त्याले असा फसवला..." दर वेळी त्यात एक चाल वाढायची. चंपत खाली मान घालून हसायचा. दुपारी पट मात्र रोज मांडला जायचा. ते फेकलेलं प्यादं गोदामात सापडलं नाही, म्हणून त्याच्या जागी एक चिंचोका ठेवायचे.

वैशाखात मी पुन्हा वांगी घ्यायला गेलो. चंपत दांडावर पाणी मोडत होता, पाट या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवत. वाफे कसे, आरशासारखे. एक काडी नाही. आणि कांद्याच्या एका वाफ्यात मधोमध, चांगली हातभर जागा, चिवळ, ती बारीक पानांची रानभाजी, माजलेली. तिच्या चारी बाजूंनी निंदलेलं. बोटं अगदी काठाकाठानं फिरलेली.

मी म्हटलं, "हे काय रे? हे तण राहिलं."

"राहिलं नाई, ठेवलं," तो म्हणाला. "बदरुन भाबीले आवडते. दरसाल ठेवतो."

मी वांग्यांची पिशवी खाली ठेवली. हिशेब जुळायला मला वेळ लागला, पण जुळला. "चंपत, तुझ्या हाताला जर हे सोडता येतं, तेरा वर्षं सोडता येतं, तर ते प्यादं..."

त्याचा हात थांबला. त्या हाताला थांबलेलं मी तेव्हा पाहिलं.

"म्हंजे तीन दिवस तू ते सरकीचे कोंब उपटत बसला ते बी नाटकच?" माझी वऱ्हाडी सुटली. "मले, पंचाले, तू येडं बनवलं? अबे, मी भितीवर कायदे लिवले! म्या डाव रद्द केला असता!"

"मास्तर," तो हळू बोलला, "भाबीले म्या काय बोल देल्ला? हारनार नाई. पुरा जोर लावीन. हारलो म्या? जोर कमी लावला?"

मी भिंतीवरचे तिन्ही कायदे मनात पुन्हा वाचले. एकातही तो सापडत नव्हता.

"तो गेला असता, मास्तर," चंपत म्हणाला. आणि त्या दिवसाचे त्याचे दहा शब्द संपले असावेत, कारण पुढं बोलायला त्याला त्रास झाला. "मंग म्या... कोनासंगं..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "जब्बारले सांगू नोका. त्याले वाटते त्यानं फसवलं. वाटू द्या. तुमाले आन हाय."

म्हणून मी गप राहिलो. आठ वर्षं! माझ्यासारखा माणूस! जब्बार माझ्यासमोर बसून ती गोष्ट सांगायचा, लोकं चंपतला हसायचे, आणि मी दात आवळून बसायचो. मला दोनदा डोकेदुखी जडली ती त्यामुळंच, वैद्य काहीही म्हणो.

चव्वेचाळीस साल. उन्हाळा. आंब्याखाली दोघं खेळत होते, मी पाहत होतो. मानोऱ्याचे दोन पाहुणे बैल घेऊन आले होते, त्यांना जब्बारनं पुन्हा तेच सुरू केलं. आता त्याच्या गोष्टीत चंपतनं तीन प्यादी उपटली होती आणि एक खिशात घातलं होतं. चंपत नेहमीसारखा हसला, "पानी पाह्यतो," म्हणून उठला आणि दांडाकडं गेला. पाहुणे बैलांकडं गेले. आणि माझा तोल सुटला.

"जब्बार, बंद कर तुही कथा! लाज वाटू दे! त्या मान्सानं प्यादं चुकून नाई मारलं. तुह्यासाठी मारलं. तू अकोल्याले जाऊ नये म्हनून. आठ वर्षं तो गावाचं हासू सोसून राह्यला, अन् तू..." सगळं सांगून टाकलं. आन मोडली, चिवळ सांगितली, बोल सांगितला. 

जब्बार ऐकत राहिला. मग त्यानं चिंचोका उचलून बोटांत फिरवला.

"मास्तर, मले ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी संध्याकाळपासून. मले तं खरंच वाटलं होतं बे, का म्या फसवला. घरी जाऊन नाचून राह्यलो. बदरुननं ताटात चिवळीची भाजी वाढली. म्हने, गपचाप खा. ज्याचा हात माही चिवळ सोडून आजूबाजूचं तन काढते, त्याचा हात प्याद्यावर चुकन काय? तुमी कितीक मोठे खेळनारे, अन् एवढं समजलं नाई?" तो थांबला. नाक पुसलं. "रडली ते. म्हने, यानं माहा बोलही राखला अन् तुमालेही राखलं. आता मी कोन्या तोंडानं अकोला म्हनू? अन् ते प्यादं तिनं उचलून आनलं होतं. मिठाच्या डब्यात हाय अजून."

मी दगडावर बसलो. तीन दिवस समोर बसून मी, पंच, जे पाहू शकलो नाही, ते पटाचं नावही न जाणणाऱ्या बाईनं दारातून पाहिलं होतं.

"मग त्याला रोज चिडवतो कायले?" मी विचारलं. आवाज बारीक झाला होता माझा.

"न चिडवून कसं चालन?" जब्बार म्हणाला. "ज्या दिवशी थांबलो, त्या दिवशी तो समजन का मले समजलं. मंग तो शरमन. शरमला का बोलनार नाई. तुमाले ठाऊक हाय तो कसा हाय. अन् तो बोलला नाई तं मी काय अकोल्याले जाऊ?"

तेवढ्यात चंपत परत आला, हात ओले, पायांना चिखल. वाटेत वाकून काहीतरी उपटलं, मनगटावर झटकलं, मागं फेकलं आणि पटासमोर बसला. आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. "काय चाल्लं?"

मी तोंड उघडलं.

"काई नाई," जब्बार मोठ्यानं म्हणाला, मळाभर ऐकू जाईल असं. "मास्तर म्हनून राह्यले, चंपतच्या हाताची खोड काई जाईना!"

चंपतनं माझ्याकडं पाहिलं. मी आन पाळली, असं समजून त्याचे डोळे निवले. "खोड हाय ते, मास्तर," तो हसून म्हणाला. "जाईन कशी?"

मी तोंड मिटलं. आयुष्यात फार वेळा मिटलं नाही मी ते.

"चाल तुही हाय," चंपत जब्बारला म्हणाला.

"खेळतो ना बे. मास्तर, जराशे सरका, उजेड अडवून राह्यले."

मी सरकलो.